आत्ता एकही नसतो

"तुम्हीच ना त्या मेडम, बेटावर एकही पक्षी नसतो म्हणून सांगितलेल्या?" हरिणीने हे कन्नडमध्ये विचारलं, आणि इतक्या आदराने विचारलं की मी आधी हसले. तोंडात हरभऱ्याची उसळ होती. नवरात्रात गोंबे, म्हणजे मांडलेल्या बाहुल्या, बघायला आलेल्या प्रत्येक बाईच्या हातात आमच्या म्हैसुरात ही द्रोणातली उसळ येते, आणि ती संपेपर्यंत बाहुल्यांचं कौतुक करत बसायचं असतं. मी तेच करत होते. भावाच्या घरी, जयलक्ष्मीपुरमला, दिवाणखान्यातल्या नऊ पायऱ्यांसमोर सतरंजीवर मांडी घालून. हरिणी म्हणजे विजयेंद्रची बायको, आणि विजयेंद्र म्हणजे बिळीकल्लू बेटावर धक्का बांधून पर्यटकांचे तंबू टाकायला निघालेला माणूस. एवढं मला माहीत होतं. त्याच्या कामाचा पर्यावरणाचा अहवाल माझ्या भावाने, शशांकने, केला हेही माहीत होतं. त्यावरून आम्ही उन्हाळाभर बोलत नव्हतो आणि गौरीच्या सणाला आईने पुन्हा बोलतं केलं होतं. माहीत नव्हतं ते हरिणीने पुढे सांगितलं. "आमच्या यजमानांनी दाखवलं मला. तुमचं नाव आहे त्यात. त्या बेटावर सगळ्यांत आधी अभ्यास केलेल्या डॉक्टर सुप्रीता, त्याच म्हणतात एकही नसतो, मग कोण काय बोलणार? फार उपकार झाले तुमचे." आणि तिने हात जोडले. तिच्या बांगड्या मनगटावरून कोपरापर्यंत घसरल्या. एक हरभरा माझ्या जिभेखाली राहिला होता. तो चावता येईना, थुंकता येईना. मला आठवतं की मी त्या हरभऱ्याचा विचार करत राहिले, कारण दुसरा कुठला विचार सुरू केला असता तर मी त्या भल्या बाईच्या अंगावर ओरडले असते, आणि तिचा काय दोष.

समोर पायऱ्यांवर बाहुल्या होत्या. वरच्या पायरीवर आईच्या लग्नातले राजा-राणी, लाल लाकडाचे, यांना इथे पट्टद गोंबे म्हणतात. त्यांच्याखाली दशावतार, मग दसऱ्याची मिरवणूक, हत्ती, घोडेस्वार, वाण्याचं दुकान. सगळ्यांत खालची पायरी दरवर्षी नवी. यंदा तिथे माझं बेट होतं. यशस्विनीने, भावाच्या बायकोने, ते महिनाभर खपून केलं होतं आणि आज मी आत पाऊल टाकल्यावर माझे डोळे स्वतःच्या हातांनी झाकून मला त्याच्यापुढे नेलं होतं. "बघा आता, अक्का. तुमचंच आहे." निळ्या जिलेटिनचा समुद्र, त्यात थर्माकोलचा पांढरा डोंगर, डोंगरावर माडाचं झाड. बिळीकल्लूवर माड नाही, गवताची काडीसुद्धा जेमतेम. झाडावर सुतळी आणि वाळल्या गवताचं घरटं, घरट्यात मातीचा पक्षी, पोट पांढरं, पाठ काळी. खाली एक होडी आणि होडीत टोप्या घातलेली माणसं. आणि डोंगराच्या कडेला, अंगठ्याएवढी, पँट घातलेली, केस पांढरे रंगवलेले, डोळ्यांना दुर्बीण लावलेली एक बाई. "ह्या तुम्ही," यशस्विनी म्हणाली होती, आणि मी तिला जवळ घेतलं होतं, कारण आयुष्यात कुणी माझी बाहुली केली नव्हती. तासाभरापूर्वीची गोष्ट. आता मी त्या बाईकडे बघत होते आणि ती घरट्याकडे बघत होती. हे पक्षी घरटं बांधत नाहीत, हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. नागड्या दगडावर, कपारीच्या सावलीत, एक अंडं. बस्स. पण ती बघत होती, तिला उभीच तशी केली होती.

हरभऱ्याएवढ्या त्या डोक्यात काय असेल? माझ्या डोक्यात फेब्रुवारी होता. देवराज मार्केटच्या फुलांच्या बाजूला मी उभी होते, हातात मल्लिगेची, मोगऱ्याची, वीतभर माळ, आणि फोन वाजला. "अक्का, सुम्मे विचारतो. बिळीकल्लूवर आत्ता पक्षी असतात का गं?" सुम्मे म्हणजे उगाच, सहज. आमच्या घरात कुठलंही महत्त्वाचं काम सुम्मेने सुरू होतं. आणि मला काय आनंद झाला. माझ्या भावाने, ज्याने माझ्या कामाला जन्मभर 'अक्काची कावळेगिरी' म्हटलं, त्याने आपणहून बेटाचं नाव काढलं. फुलवाली ओरडत होती, मागून हातगाडीवाला ढकलत होता, मी एक बोट दुसऱ्या कानात घालून म्हटलं, "आत्ता? आत्ता एकही नसतो. पाऊस लागल्यावर बघ, तेव्हा पाय ठेवायला..." "सरि सरि अक्का, थँक्स," तो म्हणाला आणि फोन ठेवला. मला वाटलं, घाईत असेल. घरी येऊन मी किती वेळ त्या फोनमध्ये होते. मनातल्या मनात त्याला पुढचं सांगत होते, जे त्याने विचारलंच नव्हतं. म्हातारी बहीण अशीच असते, कुणी दाराची कडी वाजवली की आतून सगळं घर उघडून बसते.

पुढचं म्हणजे काय होतं? मी तेव्हा पंचविशीतली. मे सरता सरता एका होडीने मला तिथे उतरवलं, तांदूळ, रॉकेल, पाण्याचे कॅन, ताडपत्री, आणि आठवड्याने न्यायला येतो म्हणाले. समुद्र तेवढा थांबला नाही. चौथ्या की पाचव्या दिवशी आभाळ शाईसारखं उतरलं, किनाऱ्यावरच्या सगळ्या होड्या वर ओढल्या गेल्या असणार, इकडे कुणी फिरकायचा प्रश्नच नव्हता. आणि मग ते आले. आधी आवाज आला. भांड्यावर भांडं घासल्यासारखा नाही, तर एका मोठ्या लग्नघरात सगळ्या बाया एकाच वेळी बोलतात तसा. दगड पांढरा असतो म्हणून त्याचं नाव बिळीकल्लू, पांढरा धोंडा. त्या दिवशी तो काळा झाला. पाठीच पाठी. त्या पक्ष्याच्या चोचीपासून डोळ्यातून मागे एक काळी रेघ जाते, वर पांढरं कपाळ. मी पहिल्यांदा जवळून पाहिली तेव्हा मला आमचे अप्पा आठवले. अप्पा म्हणजे वडील, पांडुरंगराव, घोडदळ पोलिसांत खोगीर-लगामांचे राखणदार. त्यांचे आजे महाराजांच्या स्वारांत होते. पुढे स्वारी गेली, चामडं तेवढं उरलं. लष्कर मोहल्ल्यातल्या आमच्या पडवीत रविवारी लगाम ओळीने टांगलेले असायचे आणि अप्पा त्यांना तेल लावायचे. त्या तेलाचा आणि घोड्याच्या घामाचा वास माझ्या शाळेच्या कपड्यांना यायचा. म्हणायचे, "लगाम घोड्याला थांबवायला नसतो पोरी, धनी कुठे बघतोय ते घोड्याला कळावं म्हणून असतो." मी त्या पक्ष्याला लगामी म्हणायला लागले. ताडपत्रीखाली, ओल्या तांदळाला बुरशी यायला लागलेली असताना, मी एकटी लगामींच्या मधोमध राहिले. पाय टाकायच्या आधी दगड बघायचा, कारण प्रत्येक कपारीत अंडं. अंड्यावर दगडाचेच ठिपके. पिल्लू तर असं बसायचं की दगडाला डोळा फुटलाय असं वाटावं. वरून समुद्री गरुड घिरट्या घालायचा आणि अख्खं बेट एका अंगाने उठायचं. खाली, लाटा मागे सरल्या की खडकाच्या कुशीत कासवं दिसायची, भली मोठी, तोंड वर करून श्वास घेताना आजोबांसारखी. मला ताप होता, हगवण होती, एका रात्री मी मरणार असं मला स्पष्ट वाटलं आणि त्याचं फारसं काही वाटलं नाही. इतका जीव आजूबाजूला होता. त्यातला एक कमी झाला असता.

उघाड मिळाल्यावर होडीने मला परत आणलं. पुढे बेट राखीव झालं. पाटी लागली, उतरायला परवानगी लागू लागली. मी कॉलेजात शिकवत राहिले. पण ज्याने कुणी नंतर बेट पाहिलं त्याने ते नोव्हेंबर ते एप्रिल पाहिलं, समुद्र शहाण्या मुलासारखा बसलेला असताना. पांढरा ओसाड दगड. कोण मानेल? पक्षी येतात तेच माणूस येऊ शकत नाही म्हणून. ही एवढी साधी गोष्ट. त्यांनी जगातला असा दगड शोधला जिथे पावसाळ्यात कुणी होडी घालत नाही, आणि असा ऋतू शोधला की ज्यात तो दगड फक्त त्यांचा. हजारो वर्षं हे त्यांना पुरलं. माझ्या भावाला ते फेब्रुवारीत एका फोनने मोडता आलं.

मी उठले. हरिणीला म्हटलं, आलेच. स्वयंपाकघराच्या मागे धुणं-भांड्याची जागा आहे, तिथे शशांक उद्याच्या वाटाण्याचं पातेलं घेऊन उभा होता, यशस्विनीला मदत म्हणून. आमच्या घरातले पुरुष नवरात्रात नऊ दिवस असे गोड होतात. नळ चालू होता. मी बंद केला.

"माझं नाव का घातलंस?"

त्याने विचारलं नाही कशात. हेच मला आधी लागलं. "अय्यो अक्का, आज नको. बाहेर माणसं आहेत."

"माणसं आहेत म्हणूनच मला कळलं. का घातलंस?"

"तुझ्या नावाला वजन आहे म्हणून. मान म्हणून घातलं. खोटं काय आहे त्यात? तूच म्हणालीस."

"पुढचं नाही ऐकलंस?"

मला वाटलं तो म्हणेल, नाही गं, मार्केटचा गोंगाट होता, फोन कट झाला. मी त्याला तेवढी वाट करून ठेवली होती. आत कुठेतरी मी ती उन्हाळ्यापासून सारवून ठेवली होती बहुतेक. त्याने पातेलं खाली ठेवलं, हात पुसले, आणि लहानपणी गणित बरोबर आल्यावर करायचा तसा चेहरा केला. "ऐकलं होतं. पण पावसात तिथे जाणार कोण, अक्का? पर्यटक जाणार नाही, बांधकाम होणार नाही, मीही जाणार नाही. ज्या वेळी माणूस असेल त्या वेळी पक्षी नाही, ज्या वेळी पक्षी असेल त्या वेळी माणूस नाही. कुणाला कुणाचा त्रास आहे सांग. मी तर म्हणतो दोघांची छान वाटणी आहे."

"आणि तंबू? दिवे? धक्क्याचे सुरुंग? मांजरं, उंदीर, ते काय पावसाळ्यात आपल्या गावी जाणार?"

"तू भाषण नको करू. अहवालात स्पष्ट लिहिलंय, पाहणीच्या काळात एकही आढळला नाही. एक अक्षर खोटं नाही." मग आवाज खाली आणून, "दसऱ्यानंतर सुनावणी आहे. ती झाली की झालं. तू तिथे उभी राहून काहीतरी बोललीस तर माझा परवाना जाईल, कळतंय ना? पुन्हा कुणी मला काम देणार नाही. आई इथे माझ्याकडे आहे. जरा तिचा विचार कर."

आई. तिला मधे ठेवून तो नेहमी बोलतो, जसं लहानपणी मला मारून तिच्या पदराआड जायचा. मी त्याच्या मनगटाकडे बघत होते. सात वर्षांनी धाकटा. हे मनगट धरून मी त्याला लष्कर मोहल्ल्याच्या गर्दीतून शाळेत नेलं, लोहाराच्या ठिणग्यांपासून आडवा हात धरून. ओवी आम्ही दोघांनी एकाच मांडीवर ऐकली. आई पाळण्याला दोरी बांधून ती दोरी पायाच्या अंगठ्यात अडकवायची, हाताने भाजी निवडायची आणि गायची. तिच्या सासूच्या सासूने कुठल्याशा लढाईमागून बैलगाडीत बसून आणलेल्या ओव्या, वाटेत अर्धे शब्द कन्नड झालेल्या. त्या सगळ्या ओव्यांत बहीण भावालाच गाते. भाऊराया माझा, असा नि तसा, घोड्यावर बसून येतो, साडी घेऊन येतो. शेवटी त्याला आशीर्वाद. भावाने बहिणीला गायलेली एकही ओवी मी ऐकलेली नाही. लहानपणी हे मला कधी खटकलं नाही. आज नळाशेजारी, वाटाण्याच्या फेसाळ पाण्याकडे बघताना खटकलं. पिढ्यान्‌पिढ्या आपण यांना गात आलो. म्हणून तर यांना वाटतं की बहिणीच्या तोंडून जे निघेल ते आपल्या कामाचंच असणार. हवा तेवढा तुकडा घ्यावा, बाकीचं जात्यात पडू द्यावं.

"मी सुनावणीला जाणार," मी म्हटलं.

"जा ना," तो म्हणाला. "पावसाळ्यात जा." आणि स्वतःच हसला. विनोद चांगला होता. मीही दुसऱ्या दिवशी हसले असते.

बाहेर आले तेव्हा शेजारच्या तिघी-चौघी आणखी आल्या होत्या, खोलीभर रेशीम आणि मल्लिगे, विजेच्या माळा निळ्या जिलेटिनवर लुकलुकत होत्या. आई, भवानीबाई, तिच्या वेताच्या खुर्चीत पायऱ्यांच्या बाजूला बसली होती, मांडीवर कुंकवाचा करंडा. गोंब्यांपुढे आलेल्या बायकांनी एक गाणं म्हणायचं असतं. कुणी कीर्तन म्हणतं, कुणी देवीचं स्तोत्र, ज्यांना येत नाही त्या लाजून दोन ओळी म्हणतात. हरिणीने छान गायलं, शिकलेला गळा होता. मग तिनेच माझ्याकडे वळून म्हटलं, "मेडम, ओंदु हाडु हाडी. एक गाणं म्हणा. तुमच्या बेटापुढे तुम्हीच म्हणायला हवं, अल्वा?" सगळ्या हसल्या. यशस्विनी म्हणाली, "अक्का कधी म्हणत नाहीत. मी लग्न होऊन आल्यापासून नाही." शशांक दाराच्या चौकटीला टेकून उभा होता. आई म्हणाली, "म्हण की गं. आपली ओवी म्हण. आता कोण म्हणतंय."

मी गाणारी नाही. मला सूर नाही. पण ओवीला सूर लागत नाही, दम लागतो. मी ती दुर्बीणवाली बाई आणि तिच्यापुढचं गवताचं घरटं यांच्याकडे बघत सुरू केलं. शब्द कुठून आले सांगता येत नाही. चाल आईची होती आणि चाल एकदा सुरू झाली की शब्दांना यावंच लागतं.

दर्याच्या पोटात, पांढरा तो धोंडा,
पावसाचा लोंढा, न्हाऊ घाली.

आईने मान हलवली. ही ओवी तिची नव्हती, पण तिच्या घरातली वाटत होती. पाय हलला तिचा, अंगठ्यात दोरी असल्यासारखा.

बंद झाल्या वाटा, होड्या किनाऱ्याला,
तेव्हा पाखराला, माहेर गं.

इथे माझा आवाज फाटला. मला एकदम तो वास आला, ओल्या पंखांचा, शिटेचा, मीठ आणि कुजक्या मासळीचा, अन्न आणि मरण एकत्र असलेला तो वास, आणि त्यात माझाच तापलेला श्वास. माहेर कुणाचं होतं ते? त्यांचं की माझं? मला दुसरं माहेर कुठे होतं? या घरात मी पाहुणी, द्रोण हातात धरून बसलेली. मी शशांककडे बघितलं. तो आता चौकटीला टेकलेला नव्हता.

भाऊराया माझा, आला उन्हाळ्यात,
रिकाम्या घरात...

आणि शेवटचा चरण देण्याआधी मी थांबले. विसरले म्हणून नाही. चरण तयार होता. तो जिभेवर त्या हरभऱ्यासारखा होता आणि मला भीती वाटली. सगळ्यांसमोर भावाला ओवीत असं कुणी म्हटलेलं मी ऐकलं नव्हतं. तेवढ्या थांबण्यात आईने, जिने पन्नास-साठ वर्षं अडलेल्या बायकांचे चरण पुरे केलेत, तिने तिच्या बारीक, चिरक्या आवाजात तो भरला. जिथे भावाचं नाव येतं तिथे जो यायचा तोच.

...सुखी राहो.

बायकांनी टाळ्या वाजवल्या. शशांकने श्वास सोडला, मी तो खोलीच्या या टोकाला ऐकला. आणि मला कळलं की हे असंच होतं. असंच होत आलंय. आपण थांबतो, एवढंसंच थांबतो, आणि कुणीतरी प्रेमाने आपल्या तोंडात आशीर्वाद घालतं. मी टाळ्या संपू दिल्या. मग पुन्हा म्हटलं, त्याच चालीत, सावकाश.

भाऊराया माझा, आला उन्हाळ्यात,
रिकाम्या घरात, काय मोजी.

या वेळी कुणी टाळी वाजवली नाही. मराठी कळणाऱ्या तिघीच, आई, यशस्विनी आणि मी. बाकीच्यांना फक्त चेहरे कळले. हरिणीने भाबडेपणाने शशांकला विचारलं, काय अर्थ आहे? आणि माझा भाऊ हसत, अगदी सहज, कन्नडमध्ये म्हणाला, "जुनी लोकगीतं आमची. बहिणीचं भावावरचं प्रेम. भाऊ सुखी राहो म्हणतात." 

आजवर मला राग माहीत होता असं वाटायचं. कॉलेजातल्या साहेबांचा, परवानगीसाठी बसवून ठेवणाऱ्या ऑफिसांचा, मधेच पिल्लू उचलणाऱ्या गरुडाचासुद्धा. तो सगळा कोरडा होता. हा पायातून वर आला, पाण्यासारखा, आणि गार होता. एका वर्षात दुसऱ्यांदा माझ्या तोंडातलं अर्धं काढून त्याने उरलेलं मांडून ठेवलं होतं, या वेळी तर एकाच खोलीत, माझ्यादेखत. मी हरिणीकडे वळले आणि कन्नडमध्ये, वर्गात मुलांना सांगावं तसं सांगितलं. "तसा अर्थ नाही हो. अर्थ असा की बेटावर पक्षी पावसाळ्यात येतात. हजारोंनी येतात, अंडी घालतात, पिल्लं वाढवतात, आणि पाऊस सरला की जातात. माझ्या भावाला हे माहीत होतं. मीच सांगितलं होतं. तो उन्हाळ्यात जाऊन रिकामं बेट बघून आला आणि माझं अर्धं वाक्य तुमच्या यजमानांना दिलं. तुमच्या तंबूंखाली अंडी असतील. हे मी सुनावणीत सांगणार आहे. तुम्ही माझे उपकार मानलेत, म्हणून तुम्हाला आधी सांगितलं." 

हरिणीचा चेहरा हळूहळू बंद झाला. ती वाईट बाई नव्हती. तिने एकदा मातीच्या पक्ष्याकडे बघितलं, एकदा फोन ठेवलेल्या आपल्या पर्सकडे. "मला कामातलं काही कळत नाही," ती म्हणाली. हेही खरंच असेल. शेजारणींपैकी एकीने पटकन देवीचं काहीतरी सुरू केलं आणि सगळ्या तिच्या मागे धावल्या, आग लागलेल्या घरातून निघाल्यासारख्या. शशांक आत गेला. नळ पुन्हा सुरू झाल्याचा आवाज आला. यशस्विनी माझ्याकडे बघत राहिली, डोळे भरलेले, आणि तिच्यासाठी मला वाईट वाटलं, पण थांबावंसं वाटलं नाही.

मी वाकले आणि दुर्बीणवाल्या बाईला उचललं. मांडलेली बाहुली दशमीच्या आधी हलवत नाहीत. दशमीच्या रात्री राजा-राणीतल्या एकाला आडवं करतात, मग सगळ्यांनी उठायचं, तोवर कुणाला जागा सोडता येत नाही. लहानपणी एकदा शशांकने घोडेस्वार खेळायला घेतला होता तर आईने त्याला जेवायला दिलं नव्हतं. पण मी उचललं. खाली थर्माकोलवर गोंदाचा डाग राहिला. "अक्का," यशस्विनी पुटपुटली, "अशी रिकामी जागा ठेवतात का?"

"हिला इथे नको ठेवू," मी म्हटलं. "हिने यातलं काही पाहिलेलं नाही. तू छान केलीस गं हिला. म्हणूनच नेते."

दारात चपला घालत होते तेव्हा आई आली. चालायला काठी लागते, भिंतीला धरून आली. हातात माझं तांबूल, विडा, नारळ, खण. आलेल्या बाईला रिकाम्या हाताने पाठवत नाहीत, भांडून निघालेल्या लेकीलासुद्धा. मला वाटलं, आता बोलेल, तुला काही लाज, सणाच्या दिवशी, माझ्या मुलाच्या पोटावर. तशी तयारी मी करून ठेवली होती. उत्तरं दाताखाली होती. तिने कुंकू लावलं. ते जरा खाली, नाकाच्या मुळाशी लागलं. मग मूठ उघडली. मुठीत सुतळी आणि वाळलं गवत होतं.

"घरटं काढलं मी," ती म्हणाली. "पाखरू खाली ठेवलंय, धोंड्यावर. यशस्विनीला आता काही बोलू नको, हौसेनं केलं होतं तिनं."

"गवत काढून काय होणार आहे, आई?" माझा आवाज हवा त्यापेक्षा कडक निघाला. "तू त्याच्यासाठी सुखी राहो म्हणालीस. सगळ्यांसमोर."

"म्हणणारच. आई आहे मी." ती थांबली, दम खाल्ला. "आणि तू पुन्हा म्हणालीस. ऐकलं की मी तेही." मग गवत तिने माझ्या पिशवीत नाही, बाहेर कुंडीत टाकलं, हात झाडले, आणि रोजच्या आवाजात विचारलं, "सुनावणीला तिकडे गेलीस की उतरायचं कुठे? कुणी ओळखीचं आहे का गं अजून?"

"नाही."

"मग शाल घे. समुद्राकाठी वारं असतं म्हणायचीस."

ती दार लावून घेताना मागून शशांकचा आवाज आला, आई, आत ये, आणि ती गेली. तिला तिथेच राहायचं होतं, दुसरीकडे कुठे जाणार. मला त्याचाही राग आला. रस्त्यावर दिव्यांच्या कमानी होत्या, राजवाडा, सिंह, मोर, निळा-हिरवा मोर गटाराच्या पाण्यात उलटा. माणसं फोन वर करून फोटो काढत होती. रिक्षात बसले. मांडीवरच्या पिशवीतून बाहुलीची दुर्बीण माझ्या पोटात टोचत होती आणि मी ती सरकवली नाही. राग कमी होत नव्हता. तो कमी व्हावा असं मला वाटतही नव्हतं. सुनावणीपर्यंत तो मला तापवत ठेवायचा होता, तेल लावून, टांगून, अप्पांच्या चामड्यासारखा मऊ आणि मजबूत. सिग्नलला रिक्षा थांबली आणि मी मोठ्याने म्हटलं, आत्ता एकही नसतो. पाऊस लागल्यावर बघ, तेव्हा पाय ठेवायला जागा नसते.

रिक्षावाल्याने आरशातून बघितलं. "काय म्हणालात, अम्मा?"

मी कन्नडमध्ये पुन्हा सांगितलं. तो "हौदा", म्हणजे हो का, म्हणाला आणि पुढचं ऐकायला थांबला, म्हणून मी पुढचंही सांगितलं.